फळ्यावरचे दोन चौकोन

आज नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहिलं: ३□ × □ = २२२. हरवलेले अंक शोधा.

पहिली पाच मिनिटं नुसते अंदाज. मग एरवी तोंड न उघडणारी मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "मॅडम, पाचानं तर पुरतच नाही न! ३९ पाचे १९५च." लगेच दुसरा, "अन् ३० आठे २४०, जास्त होते!"

उरले ६ आणि ७. उत्तराच्या शेवटी २ यायला साताला एककस्थानी ६च हवा, पण ३६ साते २५२. सहाला २ किंवा ७. ३२ सक १९२... आणि सगळे एकदम ओरडले, "सदतीस!"

तिच्या वहीचं अख्खं पान खोडाखोडीनं भरलंय. ते मी फाडू दिलं नाही. किती आनंद झाला सांगू!

मधल्या सुट्टीत डबे तसेच ठेवून चौघं फळ्यापाशी, नवीन कोडं रचत.