मायचा टूडी इको आणि नऊ नंबरची खिडकी

दिवसभर लोकांचे फॉर्म भरून देणं हा माझा धंदा. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, पीकविमा, काय म्हणाल ते. त्यामुळं सरकारी कागदाला आपण भीत नाही, असा माझा समज होता. मायच्या टूडी इकोनं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीनं, तो उतरवला.

माय ६४ वर्षांची. बिडी-तंबाखू सोडा, तिनं कधी मिश्रीसुद्धा लावली नाही. पण पस्तीस वर्षं चुलीपुढं बसली. पऱ्हाट्या, तुराट्या, पावसाळ्यात ओल्या गोवऱ्या. गॅस आला तरी अंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवरच; गॅसवर पाणी तापवणं म्हणजे तिच्या लेखी पैशाला काडी लावणं. पुढं आम्ही जालन्याला आलो ते एमआयडीसीच्या अंगाला. इथल्या सळईच्या कारखान्यांनी हजारो घरं चालतात, हे मला मान्य आहे. पण उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घातल्या की संध्याकाळी त्यांच्यावर काळी बारीक कणी दिसायची. माय ती पदरानं झटकायची आणि म्हणायची, "तीळ टाकल्यावानी दिसतंय."

दम्याचं निदान तसं पटकन झालं. म्हणजे आम्ही दमा म्हणायचो. डॉक्टर म्हणाले सीओपीडी, म्हणजे धुरा-धुळीनं श्वासनळ्या कायमच्या आवळल्या जाणारा फुप्फुसाचा आजार. त्याची तपासणी म्हणजे नाकाला चिमटा लावून नळीत जोरात फुंकायचं, सहा सेकंद तरी, तेही तीन वेळा नीट जमेपर्यंत. (त्या दिवशी सकाळी श्वासाचा पंप ओढायचा की नाही, हे आधीच विचारून घ्या. आम्ही ओढून गेलो आणि एक चक्कर वाया गेली.) रोजचा पंप सुरू झाला, दोन वर्षं बरी गेली.

गेल्या जानेवारीत ती अंबडकडं बहिणीकडं गेली होती. तो कालव्याचा, उसाचा पट्टा. तोड झालेल्या शेजारच्या रानात कुणीतरी संध्याकाळी पाचट पेटवलं. गार हवा, वारा नाही. धूर रात्रभर गावावर बसून राहिला. मायनं ती रात्र खाटेवर बसून काढली. घरी आणली तेव्हा पाय सुजलेले, चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटलेला आणि जोडवी काही केल्या निघेनात.

जालन्याच्या डॉक्टरांनी पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला. म्हणाले, आता हृदय बघावं लागेल. मी म्हणालो, साहेब, आजार तर फुप्फुसाचा आहे. त्यांनी मला शेतातलंच उदाहरण दिलं. ठिबकच्या नळ्या चोक झाल्या की मोटारीवर लोड येतो का नाही? तसंच. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाची उजवी बाजू जोर लावून थकते, फुगते, आणि मागं तुंबलेलं पाणी पायात उतरतं. शिवाय धुरातले अगदी बारीक कण, केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याचे, फुप्फुसात खोल जातात. त्यानं तिथं सूज वाढते, ती रक्तवाहिन्यांपर्यंत पोचते, रक्त गोठायला सोकावतं. म्हणून असल्या माणसाला हवा बिघडली की खोकल्याइतकीच हार्ट अटॅकची भीती असते. हे मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं.

त्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. नाव लिहीत नाही, पुन्हा तिथंच जायचंय.

पहाटेची एसटी, साठ किलोमीटर, केसपेपरची रांग, इथपर्यंत ठीक. छातीच्या ओपीडीत कागदावर ‘टूडी इको’ लिहून मिळालं. इकोची तारीख देणारी खिडकी नऊ नंबरची. आतल्या माणसानं कागद हातात न घेताच सांगितलं, "मेडिसिनचा रेफरन्स आणा." मेडिसिनचे डॉक्टर म्हणाले, "पेशंट फुप्फुसाचा, मी कामून लिहू? छातीवाल्यांनीच फॉर्म द्यायचा." छातीवाल्यांकडचे फॉर्म संपलेले. सिस्टरनं शेवटचा एक दिला, म्हणाल्या बाहेरून झेरॉक्स मारून आणा. मी, ज्याच्या स्वतःच्या दुकानात दोन झेरॉक्स मशिनी आहेत, तो रस्ता ओलांडून पाच रुपयांना एक झेरॉक्स काढून आलो. तोवर खिडकी जेवायला गेली होती.

अडीचला उघडली. "शिक्का कुठंय?" शिक्का मारणारा माणूस एक वाजताच गेलेला. दुसऱ्या दिवशी मी एकटाच परत आलो, शिक्का घेतला, आणि तारीख मिळाली तेवीस दिवसांनंतरची.

या तेवीस दिवसांत मी चूक केली, ती सांगतो. बाहेर दीड-दोन हजारांत इको झाला असता. आधीच्या दवाखान्याचा खर्च अंगावर होता, हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे मला हट्ट पेटला होता. इतक्या चकरा मारल्या आणि आता पैसे देऊ? माय मात्र रोज रात्री तीन उशा लावून झोपत होती. तुम्ही असं करू नका. सूज वाढत असेल, बसल्या जागी दम लागत असेल, ओठ निळे पडत असतील, तर तारखेची वाट न बघता सरळ तातडीच्या विभागात न्या.

तारखेला मायला डाव्या कुशीवर झोपवलं. मशिनीवरचा मुलगा म्हणे, "मावशी, श्वास सोडा आणि धरून ठेवा." तिला धरता येईना. चार-पाच मिनिटं छातीवर ते यंत्र फिरवून तो म्हणाला, "विंडो मिळत नाही."

"साहेब, नऊ नंबरच्याच विंडोवरून आलोय," मी म्हणालो.

त्याला हसू आलं. मग त्यानं सांगितलं की फुप्फुसात हवा अडकून ती फुगलेली आहेत, हृदयाच्या पुढं येतात, आणि हवेतून मशिनीच्या लहरी नीट जात नाहीत. रिपोर्टवर लिहिलं, चित्र अस्पष्ट, परत करा. परत करायचं म्हणजे नऊ नंबर. नऊ नंबर म्हणाला, "नवीन तारखेला नवीन रेफरन्स."

तिथं माझा आवाज चढला. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही आणि त्याचा उपयोगही झाला नाही. माय भिंतीला टेकून खाली बसली होती. "अरे बाबा, त्याच्यावर कामून वरडतोस, माझा दम तर आधीच गेलाय," असं ती म्हणाली आणि रांगेतले चार जण हसले. एक शिकाऊ डॉक्टरीणबाई जात होत्या, त्या थांबल्या. कागद वाचला, मायला उठवलं आणि आत नेलं. या वेळी उताणं झोपवून, गुडघे दुमडायला सांगून बरगड्यांच्या खालून, पोटाच्या बाजूनं बघितलं. दहा मिनिटांत चित्र आलं. डावी बाजू चांगली, उजवी मोठी झालेली, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतला दाब वाढलेला. म्हणून सांगतो, सीओपीडीचा पेशंट असेल तर आत गेल्या गेल्या ‘पोटाकडून बघता येईल का’ एवढं विचारा.

आता सकाळी लघवीची गोळी, पंप, मीठ कमी. लोणचं-पापड बंद केल्यावर आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. घरी ऑक्सिजन लागला तर सांगितल्याशिवाय वाढवायचा नाही. तिच्यासाठी रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्के एवढंच धरून चालायचं, ९९ करायच्या नादी लागायचं नाही. बोटाला लावायचं मशीन गार बोटावर चुकीचा आकडा दाखवतं, आधी हात चोळून घ्या.

मोबाईलवर समीर ॲप घेतलंय, हवा किती खराब आहे याचा आकडा दाखवणारं सरकारी ॲप. त्यात २०० च्या पुढं आकडा गेला की तिचं पहाटेचं देऊळ बंद, ऊन वर आल्यावर जायचं. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या, म्हणजे हवा बिघडलेल्या शहरांच्या, यादीत जालना आहे, लातूर आहे, संभाजीनगरही आहे, हे मला याच भानगडीत कळलं. बारीक कणांची आपल्याकडची चोवीस तासांची मर्यादा घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची १५. पण केसपेपरवर पत्ता, वय, जात, धंदा सगळ्याला रकाना आहे. पेशंट कसल्या हवेत राहतो याला नाही. आता मी मागच्या बाजूला स्वतःच्या अक्षरात लिहून नेतो: कोणत्या दिवशी धूर होता, कधी दम वाढला, पाय कधी सुजले. डॉक्टर ते वाचतात. दोघंही, छातीचे आणि मेडिसिनचे.

अंगणातली चूल मी फोडली. माय दोन दिवस रुसली, मग त्याच विटांवर तिनं तुळस ठेवली.

पुढची तारीख सहा महिन्यांनी, खिडकी तीच. फॉर्मच्या वीस कोऱ्या झेरॉक्स दुकानात काढून ठेवल्यात. आमच्याकडच्या कुणाला जायचं असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. शिक्का मात्र एकच्या आत घ्या.