कॉन्टेसाचा एसी आणि उलटा फिरणारा पंखा

फेब्रुवारीत आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला झालं. डॉक्टरांनी धुळीपासून जपायला सांगितलं आणि मग पुढच्या तपासण्यांना जाताना काचा बंद ठेवणं आलं. आमच्या जयसिंगपूर-मिरज रस्त्यावर त्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या, पाचट, धूळ सगळंच असतं. काचा बंद, बाहेर छत्तीस डिग्री, आणि गाडीत एसी नाही. दुसऱ्या फेरीला आई घामानं भिजून उतरली, एक शब्द बोलली नाही. त्या रात्री ठरवलं, यंदा कॉन्टेसाचा एसी चालू करायचाच.

गाडी बाबांची, 1987ची. मूळ इंजिन 1.5 लिटर पेट्रोल, म्हणजे अ‍ॅम्बेसेडरचंच. एवढ्या जड गाडीला ते कधीच पुरलं नाही. 2001 साली बाबांनी दुसऱ्या कॉन्टेसातून निघालेलं इसुझुचं 2 लिटर डिझेल बसवून घेतलं आणि आरसी बुकात इंधनही बदलून घेतलं. बाबा कागदपत्रांच्या बाबतीत पक्के होते. इंजिन उत्तम बसलं, आजही पहिल्या सेल्फला उठतं. पण पेट्रोल इंजिन उतरवताना एसीचा गॅस दाबणारा कॉम्प्रेसर काढला तो काढलाच, कारण त्याचा ब्रॅकेट डिझेलच्या ब्लॉकला बसेना. "एसीचं नंतर बघू" असं ठरलं. ते नंतर चोवीस वर्षांनी उजाडलं.

माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. वायरिंगची भीती नाही, गॅसच्या कामाला मात्र जाणता माणूस हवा. सांगलीचे एक एसीवाले काका आले. बॉनेट उघडून बघितलं आणि पहिलंच वाक्य बोलले, "कॉम्प्रेसर शेवटी बघू. पहिल्यांदा पंखा दाखव." पंखा फिरताना दिसला, तेवढ्यावर आम्ही पुढे गेलो.

जुनं किट आर-12 गॅसचं. तो गॅस आता मिळत नाही, आर-134ए भरायचा तर कंडेन्सर, म्हणजे गरम गॅस थंड करणारा रेडिएटरसारखा पुढचा भाग, मोठा आणि चांगला हवा. शिवाय नळ्या चोवीस वर्षं उघड्या तोंडानं पडलेल्या, आत दमट हवा. म्हणून कंडेन्सर नवा, पॅरलल फ्लोचा. ओलावा शोषणारा ड्रायर, गॅसचा दाब उतरवणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, होज म्हणजे रबरी नळ्याही नव्या. डॅशबोर्डखालचा, हवा गार करणारा इव्हॅपोरेटर तेवढा धुऊन, नायट्रोजननं तपासून ठेवला. जुन्या गॅसबरोबरचं खनिज तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही, ते धुऊन काढावंच लागतं. इथे घाई करून पैसे वाचवू नका.

ब्रॅकेट कोल्हापुरात उद्यमनगरात बनवला, दहा मिलीच्या प्लेटमधून. पुठ्ठ्याचा नमुना मी घरी कापून नेला होता. पहिला ब्रॅकेट आठच दिवसांत वेल्डिंगपाशी तडकला. डिझेल आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, जसं हलतं तसं पेट्रोल हलत नाही, आणि कॉम्प्रेसर नुसत्या दोन बोल्टांवर लोंबकळत होता. दुसऱ्या वेळी वरून हेडच्या बोल्टपर्यंत एक आडवी पट्टी दिली. पुली सरळ रेषेत आणायला क्रँकच्या पुलीवर लोखंडी पट्टी टेकवून बघत बसलो, दीड मिलीचा फरक वॉशरनं काढला. होज मुद्दाम सैल ठेवले, इंजिन डोलतं तेव्हा ताण यायला नको म्हणून.

नळ्यांतली हवा आणि ओल काढायला व्हॅक्यूम पंप पाऊण तास चालवला. काटा 28 इंचांवर येऊन थांबला, पुढे सरकेना. मला वाटलं गळती आहे. काका म्हणाले, "आपण समुद्रावर आहोत का? साडेपाचशे मीटर वर आहोत, इथं एवढाच येणार." अर्धा तास पंप बंद ठेवून बघितला, काटा जागचा हलला नाही. मग वजनावर 650 ग्रॅम गॅस भरला.

आणि एसी चालला. अंकलीच्या दिशेनं साठच्या वेगात जाताना डॅशमधून इतकी गार हवा आली की मी दोन्ही हात तिच्यासमोर धरावेत असं वाटलं. अंकलीच्या पुलाअलीकडे ट्रॉल्यांच्या रांगेत थांबलो आणि चार मिनिटांत हवा कोमट. पाण्याचा काटाही चढायला लागला. रांग हलली, वेग घेतला, पुन्हा गार.

परत येऊन गॅसचा दाब मोजणारे गेज लावले. गाडी उभी, एसी चालू. हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या बाजूचा काटा 250 पीएसआय ओलांडून 300, मग 350, तरी चढतोच आहे. पंखा मात्र फिरत होता, आवाजही जोरदार. काकांनी दुकानातला पेपर उचलला, अर्धं पान फाडलं आणि जाळीसमोर धरलं. पान जाळीला चिकटायला हवं होतं. ते माझ्या छातीवर येऊन आदळलं.

पंखा हवा बाहेर फेकत होता. झालं होतं असं की, 2001 मध्ये डिझेल तापू नये म्हणून जाड रेडिएटर बसवलं. त्यामुळे पाणीपंपावरच्या पंख्याला जागा उरली नाही. मग विजेचा पंखा आणून पुढच्या बाजूनं लावला. पण तो मागून हवा खेचायच्या जातीचा. पुढे लावल्यावर त्याची दिशा उलटी झाली आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. डिझेल मुळातच थंड चालतं, रस्त्यावर समोरचा वारा पुरतो, पंखा क्वचित लागायचा. एसीचा कंडेन्सर पुढे आला आणि चूक उघडी पडली.

मी लगेच वायरी अदलाबदल केल्या. पान जाळीला चिकटलं, पण ढिलं. डीसी मोटर उलटी फिरवता येते, पात्याचा बाक मात्र एकाच दिशेचा असतो. पातं काढून पालथं करून बसवलं, तेव्हा पान असं घट्ट चिकटलं की ओढून काढावं लागलं. हाय साइड 225 वर स्थिर. एसीचं काम करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगेन, गॅसचा एक थेंबही भरण्याआधी ही पानाची परीक्षा घ्या.

पंख्यानं आणखी एक गोष्ट लपवली होती. किल्ली बंद केली की इंजिन कधीकधी दोन-तीन सेकंद चालतच राहायचं. बाबा म्हणायचे, डिझेल आहे, बंद व्हायला वेळ घेतं. खरं कारण वायरिंग काढल्यावर कळलं. पंख्याची मुख्य लाइन डिझेल पंपावरच्या सोलेनॉइडच्या, म्हणजे किल्लीबरोबर डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हच्या, लाइनीतून घेतली होती. पंखा चालू असताना किल्ली बंद केली तरी तो काही क्षण फिरत राहतो आणि फिरणारी मोटर वीज तयार करते. तीच वीज सोलेनॉइडला उघडं धरून ठेवायची. दुकानात रोज मोटरी उघडणाऱ्या माझ्यासमोर हे इतकी वर्षं चालू होतं. आता पंख्याला थेट बॅटरीवरून वेगळी लाइन, 20 अ‍ॅम्पियरचा फ्यूज आणि 30चा रिले. रिलेच्या कॉइलला अर्थिंग दोन ठिकाणांहून मिळतं. एक रेडिएटरचा थर्मोस्विच, 92 डिग्रीला चालू आणि 87 ला बंद. दुसरा एसी लाइनवरचा ट्रायनरी स्विच, जो दाब वाढला की पंखा लावतो, आणि गॅस फारच कमी झाला किंवा दाब हाताबाहेर गेला की कॉम्प्रेसरच तोडतो. दोघांपैकी कुणीही सांगितलं तरी पंखा फिरतो. किल्ली फिरवली की इंजिन जागच्या जागी बंद.

राहिला आयडल. कॉम्प्रेसर लागला की इंजिन धापा टाकायचं. पेट्रोलमध्ये आयडल वाढवणाऱ्या डबीला मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम मिळतो. डिझेलमध्ये थ्रॉटल नाही, म्हणून तो व्हॅक्यूमही नाही. इसुझुच्या अल्टरनेटरमागे ब्रेकसाठी छोटा व्हॅक्यूम पंप असतो, तिथून टी, म्हणजे नळीचा फाटा, काढून तसल्याच डबीला दिला. टी काढताना ब्रेक बूस्टरच्या वन-वे व्हॉल्व्हच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला काढा. म्हणजे पुढे कधी डबीकडे जाणारी नळी फुटली तरी ब्रेकमधला व्हॅक्यूमचा साठा राहतो. यात तडजोड नको, गाडीत आई बसते.

एप्रिलच्या तपासणीला दुपारी साडेबाराला निघालो. बाहेर एकोणचाळीस डिग्री. पुलाअलीकडे ट्रक-टेम्पोंच्या रांगेत दहा मिनिटं थांबलो. पंखा लागायचा, बंद व्हायचा, डॅशच्या जाळीत खोचलेला थर्मामीटर नऊ आणि अकराच्या मध्ये. आई काळा चष्मा लावून मागे टेकून झोपली होती. हॉस्पिटलच्या दारात उतरल्यावर तिनं खाली वाकून बघितलं.

"अरे, गाडीखाली पाणी सांडतंय बघ."

"एसीचं आहे आई, ते पडायलाच हवं."

ती थोडा वेळ तिथंच उभी राहून ते थेंब बघत होती.