३१ नंबर गैरहजर

९ एप्रिल २०२०, गुरुवार. नववीचा दहाचा तास सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती. आमच्या घरात रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येते, म्हणून पिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता. औपचारिक पत्राचा मायना समजावून सांगत होते आणि मध्येच मुलांचा आवाज बंद झाला. अनोळखी नंबरवरून फोन येत होता. कट केला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मुलांना पत्ता आणि विषय लिहायला सांगून मी तो उचलला.

"मॅडम, तुमच्या वर्गातल्या पोरीचा बाप बोलतोय." त्यांनी मुलीचं नाव सांगितलं. मागे दुधाचे कॅन आदळत होते. "रात्री तुम्ही ग्रुपवर नंबर टाकलासा. एकतीस नंबर आमचा हाय."

आदल्या रात्री मी वर्गाच्या ग्रुपवर सहा हजेरी क्रमांक टाकले होते. हे विद्यार्थी ३० मार्चपासून एकाही तासाला बसलेले नाहीत, पालकांनी गांभीर्यानं लक्ष द्यावं, असं त्याखाली लिहिलं होतं. तो मजकूर या माणसानं पहाटे दूध संकलन केंद्रावर टेम्पो लावून वाचला होता.

"पोरगीचा काय दोष न्हाई मॅडम. घरात एकच फोन, त्यो माझ्यासंगं असतोय. पहाटं तीनला टेम्पो भायेर काढतो. दुधाची गाडी, बंद ठेवता येत न्हाई. गावागावातनं फोन येत्यात."

"घरी किती वाजता येता?"

"रात्री साडेआठ, कधी नऊ."

"मग तेव्हा तिला फोन द्या ना."

"तवा तास असतोय का, मॅडम?"

त्यांनी अगदी सरळ मनानं विचारलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तास सकाळी दहाला असायचा, कारण शाळेत तो सकाळी दहाला असायचा. याहून दुसरं कारण नव्हतं.

आमची कोल्हापुरातली, कॅथलिक सिस्टरांची इंग्रजी माध्यमाची शाळा. मी तिथं एकोणीस वर्षं मराठी शिकवत होते. त्या एप्रिलमध्ये नववीचे तास का चालू होते, हे सांगायला हवं. शाळा मार्चच्या मध्यावरच बंद झाल्या. २० मार्चला सरकारनं पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द केल्या. दहावीचा २३ तारखेचा भूगोलाचा पेपर पुढं गेला. नववी आणि अकरावीचं मात्र 'पंधरा एप्रिलनंतर बघू' असं होतं. म्हणजे परीक्षा कधीही लागू शकते, उजळणी सोडून चालणार नाही. पाडव्याच्या दिवशी, २५ मार्चला, देशाचं लॉकडाऊन सुरू झालं आणि पुढच्या सोमवारी आम्ही झूम उघडलं. त्याआधी आमच्यापैकी कुणीही त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं. फुकटात चाळीस मिनिटं मिळायची. चाळीस मिनिटं झाली की मुलं वाक्याच्या मध्येच नाहीशी व्हायची.

आणि ही बॅच तीच, जिचं ऑगस्ट २०१९ चं पाणी अजून वाळलं नव्हतं. महापुरात पंचगंगा शहरात शिरली, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, शाळा कितीतरी दिवस बंद राहिल्या. ३१ नंबरच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. पुस्तकं गेली, वह्या गेल्या. ऑक्टोबरच्या पहिल्या सत्राच्या परीक्षेला ती मैत्रिणीच्या वह्या उतरवून बसली होती आणि तिला मार्क कमी पडले होते. हे सगळं मला माहीत होतं. तरी नंबर टाकताना मला त्यातलं काहीही आठवलं नाही. ग्रुपवर पालकांसमोर असे नंबर टाकणं ही माझी चूक होती. तास संपल्यावर मी तो मजकूर काढला, पण तोवर तो सगळ्यांनी वाचलेला होता.

साडेअकराला हेडमिस्ट्रेस सिस्टरांचा फोन आला. त्यांच्याकडेही एक यादी होती.

आमच्या शाळेत ईस्टरच्या आधीच्या, पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी हॉलमध्ये प्रार्थना होते. येशूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. राखेच्या बुधवारनंतर, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला की, पाचवी ते दहावीच्या मुलांमधून चिठ्ठ्या टाकून बारा जणांची निवड व्हायची. वर्गात कॅथलिक मुलं दोन-तीनच, त्यामुळे बारांमध्ये मराठा, मुस्लिम, जैन, लिंगायत अशी सगळी यायची. एका नव्या पालकांनी एकदा याबद्दल विचारलं, तेव्हा सिस्टरांनी त्यांना शांतपणे सांगितलं होतं की पोप फ्रान्सिस २०१३ मध्ये पोप झाल्यावर पहिल्याच पवित्र गुरुवारी रोममधल्या अल्पवयीन मुलांच्या तुरुंगात गेले आणि तिथल्या मुलामुलींचे पाय त्यांनी धुतले, त्यांत मुस्लिमही होते.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नजर कुठं ठेवावी ते कळेना. पाय धुणं आपल्याला नवीन नाही. वारकऱ्याचे धुतो, लग्नात नवरदेवाचे धुतो, दारी आलेल्याला पाणी देतो. पण आपल्याकडे ते खालच्यानं वरच्याचे धुवायचे असतात. इथं अख्खी शाळा जिला घाबरते ती बाई फरशीवर गुडघे टेकून बसलेली आणि सहावीतल्या पोराची टाच तिच्या तळहातावर. घाईत दोन थेंब शिंपडून मोकळं होणं नाही. तांब्यानं पाणी घालायचं, टॉवेलनं बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या करायच्या. मुलं आधी खिदळतात. मग तिसऱ्या-चौथ्याच्या पुढं हॉलमध्ये फक्त पाण्याचा आवाज राहतो.

त्या वर्षी ते होणार नव्हतं. पवित्र आठवड्याचे विधी लोकांशिवाय करावेत आणि पाय धुण्याचा भाग वगळावा, असा आदेश २५ मार्चला व्हॅटिकनहून निघाला होता. सिस्टरांनी पालकांना निरोप पाठवला: आज तुमच्या घरी, तुमच्या इच्छेनं, घरासाठी राबणाऱ्या कुणाचे तरी पाय धुवा. वडीलधाऱ्यांनी लहानांचे धुतले तर आणखी चांगलं. फोटो पाठवू नका. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा लिहिलं होतं, आणि मला ते फार बरोबर वाटलं. त्या दिवसांत प्रत्येक गोष्टीचा फोटो झालेला होता. हॉलमध्ये ज्यांचे पाय धुवायचे होते, त्या बारांना मात्र त्या स्वतः फोन करणार होत्या.

"टीचर, अकरा झाले. तुमची एक राहिली. नंबर सारखा बिझी लागतो."

मी विचारलं कोण. ती ३१ नंबर होती.

मी त्यांना सकाळचा फोन सांगितला, आणि ग्रुपवरचा माझा मजकूरही. त्या रागावल्या नाहीत. थोडा वेळ बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, "टीचर, उरलेल्या पाच जणांना तुम्ही फोन केला?"

नव्हता केला. दुपारी केला. एक मुलगा लॉकडाऊनच्या आधीच चंदगडकडे आजोळी गेलेला, रेंजसाठी त्याला घराच्या पत्र्यावर चढावं लागत होतं. एकीची आई दवाखान्यात आया, फोन आईबरोबर ड्युटीवर. एकाच्या घरी तीन भावंडांत एक फोन आणि धाकट्यांचा नंबर आधी. एकाचा रिचार्ज संपलेला, गल्लीतलं दुकान बंद. सहावा मात्र खुशाल झोपत होता, तेही लिहायला हवं. त्याला मी बोलले.

मग सिस्टरांनाच विचारलं, साध्या फोनवर तास घेतला तर? साधा कॉल, चित्र नाही, नेटही नाही. एकमेकांना जोडत गेलं की माझ्या फोनवर माझ्यासकट सहा जण मावत होते. त्या रात्री आया असलेल्या आईची ड्युटी होती, म्हणून ती मुलगी नव्हती. झोपणाऱ्याला दहाचाच तास पुरेसा होता. उरले चार. "पाचवी मी," सिस्टर म्हणाल्या.

संध्याकाळी गच्चीवर गेले. आदल्या दिवशीच चैत्र पौर्णिमा झालेली. ईस्टर वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, म्हणून पुष्कळ वर्षी जोतिबाची चैत्र यात्रा आणि पवित्र आठवडा यांचा चंद्र एकच असतो. एरवी त्या दिवसांत सासनकाठ्या नाचवत माणसं डोंगराकडे जातात, गुलालानं रस्ते माखतात, 'चांगभलं' रात्रभर कानांवर येतं. त्या वर्षी डोंगरावर यात्रा नव्हती आणि चर्चमध्ये माणूस नव्हतं. मला त्या दोन्हींचं सारखंच वाईट वाटत होतं.

नऊला एकेकाला जोडलं. चंदगडवाल्याच्या मागं रातकिडे. सगळ्यात शेवटी ती.

"टीचर, मी आलो!"

कोल्हापूरच्या मुली अशाच बोलतात. एकोणीस वर्षांत मी शेकडो वेळा 'आलो नाही, आले' असं वर्गात म्हटलेलं आहे. त्या रात्री म्हटलं नाही.

पत्राचा मायना पुन्हा घेतला. फळा नाही, चेहरे नाहीत. 'स्वल्पविराम', 'पुढच्या ओळीवर' हे सगळं तोंडानं सांगायचं. मी थांबले की चार वह्यांवर पेनांची खसखस ऐकू यायची. झूमवर हा आवाज मला कधी आला नव्हता, तिथं सगळे म्यूट असायचे. कधी 'टीचर, थांबा', कधी 'नळ आला, आईला सांगून येतो'. पस्तीस मिनिटं झाली, चाळीस झाली, कुणी नाहीसं झालं नाही.

तास संपताना सिस्टर बोलल्या. तोवर त्या कॉलवर आहेत हे मुलांना ठाऊक नव्हतं. ३१ नंबरचं नाव घेऊन त्यांनी विचारलं, "आज तुझे पाय धुवायचे होते. लक्षात आहे ना?"

"हो सिस्टर." मग जरा थांबून, "मी पप्पांचे धुतो म्हटलं होतं. पण नीट नाही झालं."

तिनं सांगितलं ते असं. बारा गावं फिरून आलेले वडील त्या दिवसांत घरात पाऊल ठेवत नव्हते. अंगणातल्या नळावर अंघोळ, जेवण उंबऱ्याबाहेर, झोप टेम्पोत. आपल्यामुळे घरात रोग नको. सिस्टरांचा निरोप तिनं रात्री फोन हातात आल्यावर वाचला आणि चुलीवर पाणी तापवायला ठेवलं. वडील अंघोळ करून पायरीवर टेकले, तशी ती तांब्या आणि परात घेऊन पुढं झाली. ते एकदम ओरडले, लांब सर. ती मागं सरली. मग म्हणाले, ओत तिथनंच. तिनं हात लांब करून दोन-अडीच हातांवरून धार धरली. पाय त्यांचे त्यांनीच चोळले.

"मी हात लावला नाही, सिस्टर. असं चालतंय का?"

फोनवर सगळे गप्प होते. सिस्टरांचा आवाज आला तेव्हा तो थोडा बसला होता.

"चालतं, बाळ. पेत्रसुद्धा आधी नकोच म्हणाला होता."

येशू पाय धुवायला आला तेव्हा नको म्हणणारा शिष्य पेत्र कोण, ते तिला पाचवीपासूनच्या प्रार्थनांमुळे माहीत होतं. मागून वडिलांचा आवाज आला, काय म्हणत्यात गं? तिनं सांगितलं असावं, कारण त्यांनी दुरूनच 'नमस्कार सिस्टर' म्हटलं.

"शाळा सुरू झाली की तुझे धुणार," सिस्टर म्हणाल्या. "तुझी जागा मी ठेवली आहे."

रविवारी, १२ एप्रिलला, ईस्टरच्याच दिवशी नववी-अकरावीच्या परीक्षा आणि दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाल्याची बातमी आली. सोमवारी मी कॉल लावायचा की नाही या विचारात होते, तर नऊला तिचाच मिस्ड कॉल आला. रात्रीचा तास मे महिन्यातही चालला. नंतर आया असलेल्या आईची मुलगीही जोडली गेली.

शाळा जूनमध्ये उघडली नाही. नववी ते बारावीच्या वर्गांना परवानगी मिळाली ती २३ नोव्हेंबरपासून, आणि २०२१ च्या पवित्र आठवड्याच्या सुमारास पुन्हा सगळं ठप्प. त्या बॅचची दहावीची परीक्षाही रद्द झाली. निकाल लावताना शंभरातले पन्नास गुण नववीच्या निकालावरून धरले, आणि नववीत वार्षिक परीक्षा झालेलीच नव्हती. म्हणजे पुराच्या पाण्यातून उठून तिनं दिलेली सहामाही दहावीच्या निकालात आली. याचा सल मला आजही आहे. नियम करणाऱ्यांपुढं दुसरा मार्ग कोणता होता ते मला सांगता येणार नाही, पण कोल्हापूरच्या मुलांना तो जड गेला.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. ऑगस्टमध्ये ती मार्कलिस्ट आणि दाखला न्यायला आली. ऑफिसबाहेर तोंडावर मास्क, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. तिच्या गल्लीतला गाळ अजून पूर्ण उपसलेला नव्हता. चप्पल तिनं पायरीखालीच काढून ठेवली होती, पण घोट्यापर्यंत माती तशीच होती.

सिस्टरांनी तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि शिपाई मामांना परात आणायला सांगितली. तिच्या लक्षात आलं तशी ती उठू लागली. "सिस्टर, चिखल आहे. मी नळावर जाऊन येतो."

"बस," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या गुडघ्याचं दुखणं तोवर वाढलं होतं. बाकाची कड धरून त्या सावकाश खाली बसल्या. मी तांब्या धरला.

मामांनी परातीतलं पाणी दोनदा बदललं.