पोकळ तुळया

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाजवळच्या, क्राफ्ट्समन शैलीत बांधलेल्या एका छोट्या ऑफिसला भूकंपासाठी मजबुती द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. 1910च्या दशकातली इमारत, प्लॉट विकण्यासाठी बांधलेली. गिऱ्हाइकानं बंगला बांधावा म्हणून ऑफिसही बंगल्यासारखंच: पसरट छप्पर, वर निमुळते होत जाणारे खांब, बाहेर डोकावणारे वासे, आत शेकोटी.

अशा कामात अर्धा वेळ जमिनीखाली पोटावर सरपटण्यात जातो. पाया आणि तळमजल्याच्या मध्ये बुटक्या लाकडी भिंती असतात. धक्का बसला की त्या आडव्या होतात आणि इमारत पायावरून उतरते. इलाज ठरलेला, बोल्ट आणि प्लायवूड. पायावर टेकवलेल्या, रेडवूड झाडाच्या गाभ्याच्या पाट्यांना मात्र शंभर वर्षांत वाळवी शिवली नव्हती.

घोळ वर होता. दिवाणखान्यासारख्या मोठ्या खोलीत डग्लस फर या झाडाच्या लाकडाच्या जाडजूड तुळया. पुरातन वास्तू तपासणाऱ्या बाईंनी लिहून दिलं होतं, ‘मूळ भारवाहक तुळया जपाव्यात.’ मी मुठीनं ठोकलं, तर ढब्ब. गाठीच्या भोकातून कॅमेरा घातला. पाऊण इंची फळ्या ठोकून केलेली पेटी! आत धूळ आणि कुणा सुताराची पेन्सिलीची मापं. छप्पर तोलत होते वरचे किडमिडे आडवे वासे, आणि ते चांगलेच वाकले होते.

याच क्राफ्ट्समन शैलीचा डंका फर्निचर बनवणाऱ्या गुस्ताव स्टिकलीनं 1901 ते 1916 ‘द क्राफ्ट्समन’ मासिकातून वाजवला: लाकूड लाकडासारखं दिसू द्या, जोड लपवू नका. तशी सोवळी ती कधीच नव्हती म्हणा. पॅसाडेनातलं 1908चं गॅम्बल हाउस रचणाऱ्या ग्रीन बंधू या वास्तुकारांच्या फर्निचरवर आबनूसाची सुबक चौकोनी बुचं दिसतात ना, त्यांतल्या कित्येकांखाली स्क्रू आहेत.

मी त्या पेटीतच चार इंची पोलादी नळी बसवायचं ठरवलं, दोन्ही टोकांना भिंतीत खांब, खाली नवं फूटिंग, म्हणजे खांबाचा पाया. कंत्राटदार पहार घेऊन तयारच होता. त्याला थांबवलं. खिळे उपटले की दर्शनी फळी चिरते; सांध्यातून पातळ पातं घालून खिळे आतच कापायचे, फळ्यांना मागून खडूनं नंबर घालायचे. या लोकांना तोडण्याची घाई फार.

मग बाईंचा आक्षेप आला: नियमाप्रमाणे नवं काम जुन्यापेक्षा वेगळं ओळखू यायला हवं. म्हणजे शंभर वर्षांचं सोंग चालतं, त्यात खरी तुळई घातली की फसवणूक! शेवटी नळीवर साल कोरलं, नकाशात नोंद केली, तेव्हा सही मिळाली. चिडलो होतो, पण त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. उद्या कुणी ती पेटी उघडली तर त्याला काय समजावं?

मालकाची तक्रार वेगळी: एवढे पैसे गेले आणि दिसत तर काहीच नाही. आता तो येणाऱ्याजाणाऱ्याला वर बोट दाखवून सांगतो, ‘या तुळयांनी शंभर वर्षं छप्पर पेललंय.’ मी गप्प बसतो. पेलतायत हे खरं आहे, शंभर वर्षं तेवढी खोटी.