दिल्लीतले शेवटचे उंबरठे : बाबांबरोबर तीन दिवस

६ डिसेंबर १९५६ ला बातमी कळली तशी माझे आजोबा नाशिकरोडहून मिळेल त्या गाडीने मुंबईला गेले आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेत उभे राहिले. माझे बाबा तेव्हा पाच वर्षांचे होते. पुढे कळत्या वयापासून ते दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जात आले. गेल्या वर्षी दादरहून परतताना म्हणाले, "जिथे नेलं ती जागा इतकी वर्षं बघतोय. जिथून नेलं ती एकदा बघायचीय गं." दिल्लीची सहल त्या वाक्यावर ठरली. दिल्लीपर्यंत जायचंच, तर ज्यांची नावं शाळेत घोकली त्यांची शेवटची घरंही पाहावीत, असं मी सुचवलं आणि यादी वाढत गेली.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो. नोव्हेंबरमध्ये तिथली हवा म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात, शिवाय २६ जानेवारीच्या आधी संचलनाच्या तालमींसाठी मध्य दिल्लीतले रस्ते बंद असतात. फेब्रुवारीत सकाळी स्वेटर लागतो, दुपारी काढून हातात घ्यावा लागतो. नाशिकरोडला संध्याकाळी राजधानीत बसलो, सकाळी निजामुद्दीनला उतरलो.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट आधी सांगते. यातली जवळजवळ सगळी ठिकाणं मेट्रोच्या पिवळ्या लाइनवर आहेत. अलीपूर रोडसाठी सिव्हिल लाइन्स, गालिबच्या हवेलीसाठी चावडी बाजार किंवा चांदनी चौक, गांधी स्मृती आणि इंदिरा गांधींच्या घरासाठी लोक कल्याण मार्ग, मेहरौलीसाठी कुतुबमिनार. त्यामुळे मुक्कामही याच लाइनवर ठेवा. आम्ही ग्रीन पार्कला राहिलो आणि तीन दिवसांत गाडी बदलायची वेळ आली नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी हे मोठं सुख आहे, कारण काही बदल-स्थानकांत इतकं चालावं लागतं की पुढचं ठिकाण बघायचा उत्साहच संपतो. दुसरी गोष्ट सोमवारची. स्मारकं आणि संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात, लाल किल्लाही. आम्ही मंगळवारी सुरुवात केली.

पहिल्या दिवशी गांधी स्मृती. पूर्वीचं बिर्ला हाउस. रस्त्याचं नावच आता तीस जनवरी मार्ग आहे. लोक कल्याण मार्ग स्टेशनवरून चालत जाता येतं, पण या भागातले रस्ते लांबच लांब आहेत, दोन्ही बाजूंना बंगल्यांच्या भिंती, चहाची टपरी नाही की टेकायला पायरी नाही. पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि सोबत ज्येष्ठ असतील तर सरळ रिक्षा करा. आत जायला तिकीट नाही.

गांधीजी ९ सप्टेंबर १९४७ ला कलकत्त्याहून दिल्लीत आले. एरवी ते भंगी वस्तीत उतरत, पण तिथे निर्वासित भरलेले होते म्हणून त्यांना इथे आणलं. आयुष्यातले शेवटचे १४४ दिवस या घरात गेले. दिल्लीतल्या दंगली थांबाव्यात म्हणून जानेवारी १९४८ मधलं शेवटचं उपोषण इथेच झालं, आणि ते सुटल्यावर दोनच दिवसांनी, २० तारखेला, प्रार्थनेच्या वेळी आवारात बॉम्ब फुटला. तरी प्रार्थना चालू राहिल्या. त्यांची खोली तळमजल्यावर आहे. गादी, बुटकं मेज, चरखा. एवढ्या प्रशस्त बंगल्यात तेवढीच एक खोली रिकामी-रिकामी वाटते आणि नजर तिथेच अडकते.

खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत सिमेंटची पावलं उमटवली आहेत. ३० जानेवारीला सरदार पटेलांशी बोलता बोलता पाच वाजून गेले, म्हणून ते घाईने निघाले, मनू आणि आभा यांच्या खांद्यांवर हात ठेवून. बाबा त्या पावलांच्या शेजारून, गवतातून चालले. पावलांवर पाय ठेवला नाही. शेवटचं पाऊल जिथे संपतं तिथे एक स्तंभ आहे. तिथे बराच वेळ उभे राहून ते म्हणाले, "मारणारा मराठी बोलणारा होता." पुण्यात मराठी वर्तमानपत्र चालवणारा माणूस होता तो, हे आपल्याला शाळेत एका ओळीत सांगितलेलं असतं. त्या गवतावर उभं राहिल्यावर ती ओळ फार जड होते. मराठी माणसाने इथे जरूर जावं, आणि आपल्या भाषेतल्या लेकरांना घेऊन जावं, असं मला मनापासून वाटतं. सकाळी दहाच्या सुमाराला पोहोचलात तर शाळांच्या सहली यायच्या आत ही पावलांची वाट शांत मिळते. वरच्या मजल्यावर हात लावला की चालू होणारी दालनं आहेत, मुलं तिथे रमतात. आम्ही लवकर खाली आलो.

तिथून १, सफदरजंग रोड जवळ आहे. इंदिरा गांधींचं घर. दिल्ली बघायला आलेली बाहेरगावची माणसं इथे येतातच, त्यामुळे रांग असते. ती एकाच दिशेने पुढे सरकत असते, मागे वळून परत बघता येत नाही. म्हणून अभ्यासिका आणि पुस्तकांची कपाटं दिसतील तिथेच नीट पाहून घ्या. ३१ ऑक्टोबर १९८४ च्या सकाळी त्या याच आवारातून शेजारच्या अकबर रोडवरच्या कार्यालयाकडे, एका मुलाखतीसाठी, चालत निघाल्या होत्या. ती पायवाट आता काचेने झाकली आहे. त्या दिवशीची साडी, चपला आणि पिशवी काचेआड ठेवली आहे. माझ्या पुढे वऱ्हाडातल्या तीन बायका होत्या. साडीपाशी आल्यावर तिघींनीही डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात जोडले. रांगेतलं कुणी त्यांना घाई केली नाही.

तीन मूर्ती भवनाबद्दल थोडक्यात लिहिते. १९३० साली ब्रिटिश सरसेनापतीसाठी बांधलेलं हे घर, रॉबर्ट टोर रसेल यांनी आखलेलं. नेहरू इथे सोळा वर्षं राहिले आणि २७ मे १९६४ ला इथेच गेले. एप्रिल २०२२ पासून या आवारात सगळ्या पंतप्रधानांचं मोठं संग्रहालय झालं आहे. त्याला तिकीट आहे आणि सगळं बघायचं तर अर्धा दिवस हवा. आम्ही दुपारी तीनला पोहोचलो, ही चूक झाली. नेहरूंच्या खोल्या पाहून होईपर्यंत बाबा थकले आणि नवी इमारत राहून गेली. तुम्ही याला स्वतंत्र सकाळ द्या. बाहेरच्या चौकातले पुतळ्यातले तीन घोडदळ सैनिक हैदराबाद, जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या फौजांचे, पहिल्या महायुद्धात लढलेले, रिक्षातूनही दिसतात.

दुसऱ्या दिवशी अलीपूर रोड. बाबांनी आदल्या रात्रीच पांढरा सदरा उशाशी काढून ठेवला होता. सिव्हिल लाइन्सला उतरून ई-रिक्षा केली.

१९५१ मध्ये कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर बाबासाहेब २६, अलीपूर रोडला राहायला आले. बंगला सिरोहीच्या राजाचा होता. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं काम इथे पुरं झालं, आणि शेवटच्या रात्रीही त्याच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी मागवून घेतले होते. सकाळी ते झोपेतच गेलेले आढळले. नागपूरच्या धर्मांतराला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

आता तिथे तो बंगला नाही. १३ एप्रिल २०१८ ला खुलं झालेलं राष्ट्रीय स्मारक आहे, उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराचं, म्हणजे संविधानाच्या. आवारात अशोकस्तंभ, मागे ध्यानकेंद्र, आत चलत्‌चित्रं, प्रतिकृती, छायाचित्रं. नीटनेटकं, स्वच्छ, प्रशस्त आहे. विद्यार्थ्यांनी दोन तास काढून पाहावं इतका मजकूर आत आहे, आणि महाडच्या चवदार तळ्यापासून संविधान सभेपर्यंतचा प्रवास एका जागी समजतो. हे सगळं खरं, आणि तरीही बाबांनी दारातल्या सुरक्षारक्षकाला पहिला प्रश्न विचारला तो, "त्यांची खोली कुठे होती?" त्याने अदबीने हात जोडले आणि समोरच्या सगळ्या इमारतीकडे हात केला.

आदल्या दिवशी आम्ही गादी पाहिली होती, चपला पाहिल्या होत्या. इथे तसं काही बाबांच्या हाताशी आलं नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. ती खोली, ते लिहायचं टेबल, ती खिडकी राखून ठेवली असती तर त्याची भरपाई कुठल्याच भव्य इमारतीने करायची गरज पडली नसती. ज्यांना बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू बघायच्या आहेत त्यांनी नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात जावं. त्यांचे कपडे, टंकलेखन यंत्र तिथे जपलेलं आहे. दिल्लीला येणाऱ्याने हे आधीच मनाशी धरून यावं, म्हणजे दारात धस्स होणार नाही. बाबा ध्यानकेंद्रात चाळीस मिनिटं बसले. बाहेर येऊन त्यांनी आवारातल्या झाडाखालची चिमूटभर माती रुमालात बांधली. नाशिकला आजोबांच्या तसबिरीमागे ती आता ठेवली आहे.

दुपारी चावडी बाजारला उतरलो. इथलं स्टेशन जमिनीच्या खूप खाली आहे. सरकते जिने आणि लिफ्ट आहेत, लिफ्टच घ्या. बल्लीमारान ही गल्ली चष्म्यांची आणि चपलांची. तिच्यातून फुटणाऱ्या कासिम जान गल्लीत मिर्झा गालिबची हवेली. सायकलरिक्षा, हातगाड्या, स्कुटर यांतून अंग चोरून चालावं लागतं. सामान मुक्कामावर ठेवून या, पिशवी छातीशी धरा आणि रविवार टाळा, कारण बरीच दुकानं बंद असल्याने गल्लीचा जीवच हरवतो.

हवेली म्हणावी तर दोन-तीन खोल्या आणि छोटं अंगण उरलंय. लाखोरी म्हणजे जुन्या पातळ, चपट्या विटांच्या कमानी, भिंतींवर शेर. मध्यंतरी इथे व्यापार, गोदामं होती. दिल्ली सरकारने थोडा भाग ताब्यात घेऊन पुन्हा उभा केला. आतला अर्धपुतळा सोलापूरच्या भगवान रामपुरे यांनी घडवलेला आहे, मुंबईच्या शेअर बाजारासमोरचा बैल घडवणारे तेच. गुलजारांनी तो करवून घेतला आणि डिसेंबर २०१० मध्ये तो इथे बसला. सोलापूरच्या हातांनी घडलेला गालिब जुन्या दिल्लीत बघताना ऊर भरून आला.

१८५७ मध्ये इंग्रजांनी दिल्ली परत घेतली तेव्हा शहर लुटलं गेलं, पण या गल्लीत राहणाऱ्या हकिमांसाठी पतियाळाच्या महाराजांचे शिपाई पहाऱ्याला होते, म्हणून गालिब वाचला. त्याच दिवसांत त्याचा भाऊ गेला. सात मुलं झाली, एकही जगलं नाही. १५ फेब्रुवारी १८६९ ला गालिब याच घरात गेला, आणि त्याचं स्वतःच्या मालकीचं घर आयुष्यात कधीच झालं नाही.

हे ऐकून बाबा अंगणातल्या कट्ट्यावर बसले आणि बोटं मोजू लागले. गांधीजी बिर्लांकडे पाहुणे. बाबासाहेब सिरोहीच्या राजाच्या बंगल्यात. नेहरू, इंदिराबाई सरकारी घरात. गालिब भाड्याच्या. "म्हणजे शेवटचा श्वास स्वतःच्या घरात कुणीच घेतला नाही," ते म्हणाले. राजगृह हे बाबासाहेबांनी हौसेने, पुस्तकांसाठी बांधलेलं घर दादरला उभं होतं, आणि ते गेले अलीपूर रोडवर. येताना बल्लीमारानमध्ये बाबांनी चष्म्याची नवी फ्रेम घेतली. भाव करावा लागतो, पण निवड अफाट.

लाल किल्ल्यावर याच दुपारी धावती चक्कर मारली. दिवाण-ए-खासच्या छताकडे मात्र मान वर करून पाहा. पानिपतच्या आधी, १७६० मध्ये, फौजेचे पगार भागवायला सदाशिवराव भाऊंनी तिथली चांदी उतरवली होती.

तिसरा दिवस मेहरौलीचा. सगळे कुतुबमिनार बघून परततात. तुम्ही उलट करा, आधी जफर महाल, मग मिनार, कारण मिनारच्या आवारात पाय थकतात आणि मग मेहरौलीच्या गल्ल्यांत शिरायचं होत नाही. कुतुबमिनार स्टेशनबाहेरून रिक्षा करा आणि बख्तियार काकींचा दर्गा सांगा. जफर महालाचं नाव बऱ्याच रिक्षावाल्यांना कळत नाही. दर्ग्याशेजारीच हत्ती जाईल एवढा उंच दरवाजा दिसतो, शेवटचा मुघल बादशहा बहादूरशाह जफर याने उभारलेला. आत पडझड आहे, पायऱ्यांना कठडे नाहीत. बाबांना मी वर जाऊ दिलं नाही.

बाजूच्या छोट्या संगमरवरी मशिदीजवळ मुघलांच्या कबरी आहेत. त्यांतली एक दुसऱ्या शाहआलमची. याच बादशहाला महादजी शिंद्यांनी १७७२ मध्ये दिल्लीच्या गादीवर परत आणून बसवलं होतं. त्याच्या आणि दुसऱ्या अकबराच्या कबरीमध्ये एक जागा मोकळी आहे. ती जफरने स्वतःसाठी राखली होती. १८५७ नंतर इंग्रजांनी त्याला रंगूनला पाठवलं, १८६२ मध्ये तो तिथेच गेला आणि तिथेच पुरला गेला.

बाबा त्या मोकळ्या जागेजवळ थांबले. रुमालाची गाठ त्यांनी खिशातच चाचपून पाहिली. अकरा वाजले होते, ऊन चढायला लागलं होतं, आणि मिनारच्या तिकिटाची रांग दुपारी वाढते म्हणून मी त्यांना हलकेच हाक मारली.