ट्रस्टचे पैसे, मेसचं बिल आणि रक्त तपासायच्या स्ट्रिप्स

इंटर्नशिप चालू झाल्यापासून ज्युनिअर पोरंपोरी एकच प्रश्न विचारतात, दादा, शिक्षणासाठी ट्रस्टकडून पैसे तुम्ही कसे मिळवले. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसला, माझी २०२१ ची बॅच. कोरोनामुळे नीट ही प्रवेश परीक्षा सप्टेंबरमध्ये झाली आणि ॲडमिशनचे राउंड संपून प्रत्यक्ष कॉलेजात पाय ठेवेपर्यंत २०२२ चा फेब्रुवारी-मार्च आला. आता मुंबईपुण्यातल्या बऱ्याच जुन्या ट्रस्टचे फॉर्म निघतात जून-जुलैत, कारण त्यांच्या डोक्यात कॉलेज जूनमध्येच सुरू होतं. त्यामुळे पहिलं वर्ष सगळीकडे दार बंद. ते वर्ष मामाने आणि हळदीने काढलं. आमच्याकडे हिंगोली-वसमत पट्ट्यात हळद विकली की घरात पैसा, भाव पडला की मग सोसायटीचं नाहीतर सावकाराचं कर्ज.

सरकारी कॉलेज म्हटलं की लोक म्हणतात तुला काय खर्च. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत माझ्यासारख्याला, म्हणजे घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्याला, ट्यूशन फीचा निम्मा भाग मिळतो, ते बरोबरच आहे. (मुलींना आता २०२४-२५ पासून पूर्ण माफी आहे, त्यांनी आधी तेच बघावं.) पण उरलेली निम्मी फी, हॉस्टेल, मेस, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची परीक्षा फी, पुस्तकं, एप्रन, स्टेथो हे सगळं कोण भरणार? अभ्यासाच्या हाडांचा हाफ सेट सीनियरकडून मिळाला म्हणून बरं, स्टेथो मात्र वर्षभर रूममेटचा गळ्यात घालून फिरलो.

दुसऱ्या वर्षी आधीपासून तयारीला लागलो. ग्रुपवर फिरणारी 'सर्व स्कॉलरशिप' वाली लांबलचक यादी तुम्हालाही आली असेल, तिच्यातलं निम्मं आपल्या उपयोगाचं नसतं. टाटांच्या नावाने सगळ्यात जास्त फॉरवर्ड येतात. त्यातलं जे. एन. टाटा एंडोमेंट खरंच फार जुनं आणि मोठं आहे, १८९२ चं, त्याच्या अगदी सुरुवातीच्या लाभार्थींमध्ये डॉ. फ्रेनी कामा नावाच्या लेडी डॉक्टर होत्या, पण ते परदेशात पुढचं शिकायला जाणाऱ्यांसाठी आहे आणि मुळात ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे. एमबीबीएसच्या सेकंड इयरला त्याचा काय उपयोग. पुण्याच्या विद्यार्थी सहाय्यक समितीचं काम १९५५ पासून चालू आहे, माझा एक मित्र तिथे राहून शिकला, कमी पैशात राहणं-जेवण होतं आणि पोरांना कामाची सवयही लागते, पण त्यासाठी पुण्यात ॲडमिशन पाहिजे. फाउंडेशन फॉर एक्सलन्स म्हणून आहे, अमेरिकेतल्या भारतीयांनी १९९४ मध्ये सुरू केलेलं, ते एमबीबीएसवाल्यांना देतात, नीटची रँक आणि घरचं उत्पन्न दोन्ही बघतात, ज्यांची रँक चांगली आहे त्यांनी पहिल्याच वर्षी भरावं. माझी रँक काठावरची, म्हणून मी लहान ट्रस्टकडे वळलो.

लहान ट्रस्ट म्हणजे वेबसाइट नाही, नुसता लँडलाइन नंबर, तोही दुपारी तीन ते पाचच उचलतात. स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट पाठवायचं, मग ते त्यात फॉर्म घालून परत पाठवतात. हॉस्टेलवर सगळे हसले, या काळात पोस्टाने कोण मागवतं म्हणून. पण याच कटकटीमुळे तिथे गर्दी कमी असते, हे लक्षात घ्या. ऑनलाइनवाल्यांकडे देशभरातून अर्ज येतात, या पाकीटवाल्यांकडे जो पोस्टात जायचा कंटाळा करत नाही तोच पोचतो.

फॉर्मसोबत लागतं ते नेहमीचंच. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला (चालू वर्षाचा, मागच्या वर्षीचा चालत नाही), डोमिसाइल, रेशन कार्ड, नीटचं स्कोअर कार्ड, अलॉटमेंट लेटर, मागच्या परीक्षेची मार्कशीट, बोनाफाईड, आणि कॉलेजच्या लेटरहेडवर त्या वर्षाच्या फीचा तपशील. बोनाफाईड आणि हे शेवटचं पत्र सोडून बाकी सगळं सेतूवर, ऑनलाइन किंवा घरी मिळतं. या पत्रासाठी मात्र स्टुडंट सेक्शनला चकरा आहेत. कधी क्लार्क रजेवर, कधी शिक्का दुसऱ्या कपाटात आणि चावी साहेबांकडे. माझा सल्ला असा की पत्र स्वतः टाइप करून घेऊन जा, त्यात ट्यूशन, हॉस्टेल, डिपॉझिट, सरकारी शिष्यवृत्तीतून वळती होणारी रक्कम आणि विद्यार्थ्याने भरायची शिल्लक अशा वेगळ्या ओळी ठेवा आणि फक्त सही-शिक्का मागा. हे सगळं टाइप करायला त्यांना वेळ नसतो, सही करायला असतो.

आणि ती 'शिल्लक' वाली ओळ फार महत्त्वाची. कारण ट्रस्टवाले पहिलं हेच विचारतात की सरकार देतंय ना, मग आमच्याकडे कशाला आलास.

त्याबरोबर मी एक पान जोडलं होतं, महिन्याच्या खर्चाचं. मेस, दूध, अंडी, झेरॉक्स, रिचार्ज, गावाकडे जायचं एसटी भाडं, साबण-पेस्ट, सगळं हाताने लिहून मागे मेसच्या पावत्या टाचलेल्या. फॉर्ममध्ये 'आपली आर्थिक परिस्थिती वर्णन करा' असा रकाना असतो, तिथे बहुतेक पोरं निबंध लिहितात, वडिलांचे कष्ट, आईचे हात वगैरे. खरं असतं ते, पण वाचणाऱ्याच्या समोर तसे शंभर निबंध पडलेले असतात आणि त्यातून किती रुपये कमी पडतायत ते काही कळत नाही. मी तिथे चार ओळी लिहिल्या, चार एकर, कोरडवाहू जास्त, बहीण बीएससीला, कर्ज एवढं, आणि खाली 'सोबतचे पान पाहावे'.

इंटरव्ह्यूला बोलावलं. गिरगावात जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ऑफिस, लाकडी जिना, आत तीन टेबलं आणि भिंतीवर संस्थापकांचा फोटो हार घालून. समोर बँकेतून रिटायर झालेले एक काका आणि एक वयस्कर डॉक्टर बाई. मार्कांबद्दल काही विचारलं नाही, काकांनी सरळ माझं पान काढलं आणि पेन्सिल घेऊन बेरीज करायला बसले. बेरीज जुळली. मग म्हणाले, "अंडी मेसच्या बाहेर वेगळी का लिहिलीस रे?"

मी म्हटलं, "सर, मेसमध्ये आठवड्यातून एकदाच असतात. बाकीची मी गाड्यावरनं आणतो, रूमवर किटलीत उकडतो."

"किटलीत?" बाई हसायला लागल्या. मग त्यांच्या काळात त्या हॉस्टेलवर स्टोव्हवर काय काय करायच्या ते निघालं, रेक्टर आल्यावर स्टोव्ह कॉटखाली कसा सरकवायचा, आणि इंटरव्ह्यू निम्मा तिथेच संपला. शेवटी बाईंनी एकच प्रश्न विचारला, डॉक्टर झाल्यावर काय करणार. मी म्हटलं एक वर्ष सरकारी सेवेचा बॉण्ड तर आहेच, नाही केला तर दहा लाख भरायचे, ते आमच्याकडे कुठून येणार. काका म्हणाले, हा पोरगा आकड्यातच बोलतो.

चाळीस हजार मंजूर झाले. पण हातात नाही हं, हे समजून घ्या. फीची शिल्लक म्हणून एक चेक थेट डीनच्या नावाने आला, आणि मेसचे पैसे दर तीन महिन्यांनी, आधीच्या पावत्या पाठवल्या की. काहींना हे अपमानास्पद वाटतं, मला नाही वाटलं. पब्लिक ट्रस्ट आहे, धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशोब द्यावा लागतो, ऑडिट होतं, त्यांनाही कुणाला तरी कागद दाखवायचा असतो. पुढच्या वर्षी रिन्यूअलला फक्त मार्कशीट आणि नवं पान पाठवलं.

आता दुसरी गोष्ट, जी ज्युनिअरना माहीत नसते. हेच ट्रस्ट आरोग्याच्या छोट्या कामालाही पैसे देतात, फक्त कुणी मागत नाही. आमच्या बॅचपासून फॅमिली ॲडॉप्शन आलं, प्रत्येकाला गावातली काही कुटुंबं वाटून दिलेली, बीपी बघा, वजन घ्या, वहीत लिहा. माझ्या कुटुंबांमध्ये आठवी-नववीच्या तीन मुली होत्या, तिघींच्या पापण्या आतून पांढरट, म्हणजे रक्त कमी असल्याची शंका. पीएसएमच्या (सामाजिक आरोग्य विभागाच्या) मॅडमना दाखवलं तर म्हणाल्या, नुसतं बघून सांगू नकोस, तपासून सांग. गावच्या शाळेत सगळ्याच मुलींचं हिमोग्लोबिन करायचं ठरलं, पण मीटरमध्ये घालायच्या पुरेशा स्ट्रिप्स आणणार कुठून. साहलीची जुनी पद्धत स्वस्त आहे पण त्यात रंग डोळ्याने जुळवायचा असतो, दोघांनी बघितलं तर दोन उत्तरं येतात.

मी ट्रस्टच्या त्या डॉक्टर बाईंना पत्र लिहिलं. त्यांनी बजेट मागवलं. आम्ही मित्रांनी मिळून जोरात बजेट केलं, डिजिटल मीटर, स्ट्रिप्स, लॅन्सेट (बोटाला टोचायच्या सुया), बॅनर, टी-शर्ट, उद्घाटनाचा चहा-नाश्ता. परत आलं तेव्हा बॅनर, टी-शर्ट, नाश्ता यांच्यावर पेन्सिलीची काट, आणि स्ट्रिप्सच्या ओळीसमोर लिहिलेलं, 'तीन महिन्यांनी परत तपासणार ना? मग दुप्पट हव्यात.' आमच्या कुणाच्या डोक्यातच ते आलेलं नव्हतं. एकदा तपासून फोटो काढून परत यायचं, शिबिर म्हणजे तेवढंच असतं ना आपल्याकडे.

पैसे कुणाच्या नावावर घ्यायचे हे खरं डोकं खाणारं काम. विद्यार्थ्याच्या खात्यावर ट्रस्ट देत नाही. कॉलेजच्या सरकारी खात्यात आले तर बाहेर काढेपर्यंत माझी इंटर्नशिप संपली असती. शेवटी तालुक्यातल्या एका नोंदणीकृत संस्थेने आपल्या नावावर घेतले. मध्येच मामाचे एक ओळखीचे न्यू जर्सीहून म्हणाले आमचं मंडळ पाठवतं की, पण त्या संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी) नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ज्यांच्याकडे आहे ते परदेशी पैसे पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाहीत, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. बाकी एथिक्स कमिटीची परवानगी, मुख्याध्यापकांचं पत्र, पालकांची संमती आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवणं, हे सगळं मॅडमच्या सहीने होतं, फक्त मागे लागावं लागतं.

तपासणीच्या दिवशी मुली रांगेत एकमेकींच्या मागे लपत होत्या. बोटाला टोचायच्या आधी डोळे घट्ट मिटायच्या आणि नंतर मीटरवरचा आकडा बघायला पहिल्या पुढे. बारा वर्षांवरच्या मुलीला हिमोग्लोबिन बारा ग्रॅम तरी पाहिजे, तिथे दहा-साडेदहा भरपूर निघाले, आठच्या खालची एक निघाली, तिला त्याच दिवशी आशाताईंसोबत दवाखान्यात पाठवलं. शाळेत आठवड्याला निळी लोहाची गोळी मिळते, सरकारी आहे, फुकट आहे, पण अर्ध्या मुली ती दप्तरात ठेवून घरी नेऊन टाकत होत्या. का, तर मळमळतं आणि संडासला काळं होतं, आया घाबरल्या होत्या. मग आयांची बैठक घेतली, काळं होतं ते गोळीतल्या लोहामुळे, त्याला घाबरू नका, उपाशीपोटी देऊ नका, गोळीवर लगेच चहा देऊ नका, एवढंच सांगितलं. एका मावशीने विचारलं, "डॉक्टर, मंग मलाबी तपासा की." तिचा आकडा मुलीपेक्षा कमी निघाला. बजेटमध्ये आया नव्हत्याच. दुप्पट स्ट्रिप्समधल्या उरतील असं धरून आम्ही त्यांचंही केलं आणि ट्रस्टला तसं कळवलं, काकांचं उत्तर आलं, 'ठीक आहे, वेगळा तक्ता करा.'

तीन महिन्यांनी परत गेलो. ज्यांनी गोळ्या नीट घेतल्या त्यांचे आकडे बऱ्यापैकी वर आले होते, काहींचे जिथल्या तिथे, दोन मुली ऊसतोडीला गेलेल्या त्या सापडल्याच नाहीत, अहवालात तसंच लिहिलं.

शेवटी युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला. संस्थेच्या सीएची सही, प्रत्येक बिलाची ओरिजिनल प्रत, जीएसटी नंबर दिसला पाहिजे, आणि सातशे सदतीस रुपये उरले होते ते डीडीने परत. डीडीचं कमिशन कोण भरणार यावर काकांशी फोनवर बराच वेळ चर्चा झाली, ते ट्रस्टने सोसलं.

यंदाचे फॉर्म जूनमध्ये सुटतील. पाकिटावर तिकीट पुरेसं लावा, फॉर्म जाड असतो. फीच्या पत्राचा माझा टाइप केलेला नमुना ज्याला पाहिजे त्याने मेसेज करा, आणि मेसच्या पावत्या आतापासूनच ठेवायला लागा.