आमची वाटचाल: बॅरलला मानवेल तोच पेलेट

कोल्हापुरात राहून नेमबाजीशी संबंध येणार नाही असं होतच नाही. २०१० ला तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये (झोपून नेम) वर्ल्ड चॅम्पियन झाल्या, २०१८ ला राही सरनोबत यांनी एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं गोल्ड घेतलं, आणि २०२४ ला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ आणलं तेव्हा तर आख्ख्या जिल्ह्याची कॉलर ताठ झाली. हे बघून जी पोरं रेंजवर यायला लागली त्यांच्यासाठी आमचं वर्कशॉप आहे. काम एकच, पोराच्या एअर रायफलला कुठला पेलेट (शिशाची छोटी गोळी) मानवतो ते कागदावर दाखवायचं आणि मग त्याच लॉटचे, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेले, डबे त्याला द्यायचे.

मी मूळचा टूलरूमवाला, शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला होतो. मेव्हण्याला एअर रायफल रिपेअरचा नाद, सील बदलणं, हवेचा दाब स्थिर ठेवणारा रेग्युलेटर साफ करणं, २०० बार दाबाचे हवेचे सिलिंडर भरून देणं हे तो घरातल्या मागच्या खोलीत करायचा आणि मी संध्याकाळी हाताखाली बसायचो. सर्व्हिसिंगला येणारे पालक हमखास विचारायचे, "दादा, सगळ्यात भारी पेलेट कुठला ते सांगा, तोच घेतो." आणि आम्ही जे भारी म्हणून सांगायचो तो एका पोराला मस्त चालायचा आणि दुसऱ्याच्या, अगदी त्याच मॉडेलच्या रायफलमधून पसरायचा, म्हणजे शॉट एका जागी न पडता इकडंतिकडं पडायचे. तिथूनच धंद्याची दिशा ठरली, की डब्यावरचं नाव विकायचं नाही, टेस्ट विकायची.

आता हे पसरणं म्हणजे नेमकं किती ते सांगतो, कारण आमचं सगळं दुकान त्या मिलिमीटरच्या तुकड्यांवर चालतं. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका असतो अर्धा मिलिमीटर. पेलेट ४.५ मिमीचा. हल्ली मार्क दशांशात धरतात, १०.९ पर्यंत, आणि एक दशांश म्हणजे पाव मिलिमीटर. पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचा, नळीतून बाहेर पडतो सेकंदाला १७०-१७५ मीटरनं, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या निम्म्यानं. दहा मीटर जाईपर्यंत तो जवळजवळ पावणेदोन सेंटीमीटर खाली येतो, साइट लावताना ते धरलेलंच असतं. पण दोन शॉटमध्ये वेग नुसता ३ मीटरनं बदलला तरी वर-खाली अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडतो, म्हणजे पोरानं काहीही चूक केलेली नसताना दोन दशांश गेले, आणि सिलेक्शन ट्रायलला तेवढ्यावर नाव यादीत राहतं किंवा जातं. पोरगं स्वतःला दोष देत बसतं, कोच पोझिशन बदलायला सांगतात, आणि दोष डब्यात असतो. याचा मला मनापासून त्रास होतो म्हणून हे काम आम्ही इतकं जीव लावून करतो.

टेस्टला पहिली गोष्ट लागते ती रायफल न हलता धरणारा व्हाइस. बाहेरून मागवायचा खर्च झेपणारा नव्हता, पण कोल्हापुरात राहून बीड (कास्ट आयर्न) मिळत नाही असं कोण म्हणेल, ओळखीच्या फौंड्रीतून जाडजूड ब्लॉक ओतून घेतला, मी स्वतः मशीनिंग केलं, खाली काँक्रीटचा ठोकळा टाकून त्यावर बोल्ट केला. बॅरलला कुठेही हात लागत नाही, स्टॉक (दस्ता) काढून फक्त अ‍ॅक्शन, म्हणजे बॅरल बसवलेला यांत्रिक भाग, पकडली जाते. शेजारी लेथ चालू असली की ग्रुप (एकाच जागी मारलेल्या शॉटचा पसारा) मोठा येतो हे कळल्यावर टेस्टची वेळच लेथ बंद झाल्यानंतरची ठेवली, ती आजही तशीच आहे.

क्रम कायम ठरलेला, आधी रायफल मग पेलेट. क्रोनोग्राफवर (वेग मोजायचं यंत्र) दहा शॉट घेतो, चांगल्या मॅच रायफलचे दहाही दोनेक मीटरच्या आत बसतात. नाही बसले तर पेलेटच्या टेस्टला हातच घालत नाही, आधी रेग्युलेटर उघडतो, कारण अशा रायफलवर कुठलाही लॉट टेस्ट करणं म्हणजे लोकांचे पैसे पाण्यात घालणं. वेग स्थिर झाला की मग डबे. पेलेट फेल्टच्या कापडावर हळूच ओतायचे, दिव्याखाली मागचा स्कर्ट (पेलेटचा पोकळ घेर) बघायचा, चेपलेला असला की बाजूला. पेलेटच्या डोक्याचा साइज ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी असा वेगवेगळा येतो आणि इथंच बॅरलची आवड-निवड कळते. मग एकाच जागी दहा शॉट. जमलेला लॉट असला की दहांचं मिळून एकच गोल भोक पडतं, बाहेरून बाहेर साडेपाच-सहा मिमीचं, कडा एकदम स्वच्छ, कारण मॅच पेलेटचं तोंड सपाट असतं आणि ते कागद पंचसारखं कापतं. न जमणाऱ्या लॉटचं भोक शेंगदाण्यासारखं लांबटं दिसतं. दोन्ही कागद आईवडिलांसमोर शेजारी शेजारी ठेवले की मग आम्हाला काही बोलायला लागत नाही.

पाच शॉटच्या ग्रुपवर आम्ही निकाल देत नाही. पाच शॉट नशिबानंही एकात एक जातात, म्हणून दहाचे ग्रुप आणि तेही परत परत, आणि पहिल्या फेरीत उजवा ठरलेला लॉट दुसऱ्या फेरीतही उजवाच पाहिजे. काहीजण एकेक पेलेट वजन करून निवडतात, माझं स्पष्ट मत आहे की त्या वेळात दोन लॉट जास्त तपासा, फायदा जास्त होतो. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन लॉटसुद्धा वेगळे निघतात कारण डाय झिजतात, बदलतात. डब्यावरचा लॉट नंबर हीच खरी ओळख.

याच लॉट नंबरवरून आम्ही एकदा पार अडचणीत आलो होतो. एका पुरवठादाराकडून सॅम्पल घेऊन टेस्ट केली, झकास निकाल, पोरांकडून अ‍ॅडव्हान्स घेऊन मोठी ऑर्डर दिली आणि माल आला तो वेगळ्याच लॉटचा, वर "सेम क्वालिटी आहे साहेब" हे उत्तर. परत घ्यायला तयार नाहीत. आम्ही पोरांचे पैसे परत केले, तो माल प्रॅक्टिसचा म्हणून कमी भावात काढला, ते वर्ष तंगीतच गेलं. पण त्याच पालकांनी पुढं आमची सगळीकडे जाहिरात केली, आणि आता आधी लॉट अडवून ठेवायचा, लेखी घ्यायचं, मग सॅम्पल, मग पैसे, हा नियम कुणासाठीही मोडत नाही. त्यातून सावरतोय तोवर २०२० चा लॉकडाऊन लागला, रेंज बंद, इम्पोर्ट बंद, तेव्हा रेग्युलेटर आणि सिलिंडरच्या कामानं घर चाललं. पोरं घरी ड्राय फायरिंग (गोळी न भरता नेम आणि ट्रिगरचा सराव) करत होती तर त्यांचे ट्रिगर सेट करून द्यायलाही जायचो.

पुढं .२२ वाले, म्हणजे बारुदाच्या काडतुसाच्या ५० मीटर रायफलवाले, सीनियर खेळाडू विचारायला लागले. हे काम वेगळं, इथं आर्म्स अ‍ॅक्ट आहे, म्हणून ते आम्ही वर्कशॉपवर करतच नाही. क्लबच्या लायसन्सवाल्या रेंजवर, खेळाडूची रायफल, त्याच्याच कोट्यातल्या गोळ्या, आम्ही फक्त व्हाइस आणि क्रोनो घेऊन जातो. बाहेरच्या देशात सेंटरफायर रायफलवाले (यात पेट देणारा प्रायमर काडतुसाच्या तळाच्या मधोमध असतो) स्वतः काडतूस भरतात, पावडर थोडी कमी-जास्त करून रायफलला जमेल असा लोड शोधतात. .२२ रिमफायरमध्ये ती सोयच नाही, प्रायमरचा मसाला रिममध्येच, म्हणजे तळाच्या कडेतच, असतो, फॅक्टरीतून आलं तसंच वापरायचं. म्हणून इथंही सगळा खेळ लॉट निवडण्याचाच. ईली या गोळ्यांच्या कंपनीच्या मॅच बॉक्सवर लॉट नंबरसोबत वेगही छापलेला असतो. लापुआ या दुसऱ्या कंपनीचं तर जर्मनीत शोनेबेकला टेस्ट सेंटरच आहे, खेळाडू तिथं रायफल नेऊन लॉट निवडतात. आपल्या सगळ्या पोरांना ते परवडत नाही.

लोकांना वाटतं जास्त वेगाची गोळी चांगली. मॅचची .२२ मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेली असते, सेकंदाला साधारण ३२५-३३० मीटर. २० डिग्रीला आवाज जातो ३४३ नं. हाय व्हेलॉसिटी गोळी त्याच्या वरून निघते आणि वाटेत आवाजाच्या वेगाखाली येताना तिच्यावरचा हवेचा दाब जागा बदलतो, गोळी डळमळते. आधीच खाली असलेली गोळी त्या भानगडीतच पडत नाही. पण खाली आहे म्हणून काम झालं असंही नाही, कारण ५० मीटरवर वेगात १० मीटरचा फरक पडला तर गोळी जवळजवळ साडेसात मिमी खाली-वर जाते आणि दहाची रिंगच आहे १०.४ मिमीची. त्यात दिल्लीच्या तुघलकाबाद रेंजवर हिवाळ्यात मॅच असली की गोळीवरचं मेण घट्ट होतं, इथं मार्चमध्ये जमलेला लॉट तिथं जानेवारीत तसाच जमेल असं मी कुणाला सांगत नाही. शक्य असेल तर थंडीत पहाटे टेस्ट घ्या म्हणतो, आम्ही येतो पहाटे.

आज आम्ही दोघं आणि दोन पोरं कामाला, त्यातला एक स्वतः स्टेट खेळलेला. टेस्टची फी वेगळी घेतो आणि पेलेट आमच्याकडूनच घ्यायचे अशी सक्ती नाही, कागद आणि लॉट नंबर घेऊन जा आणि कुठूनही घ्या. सांगली, सातारा, बेळगावकडूनही लोक येतात, त्यांना एवढंच सांगणं की येताना सिलिंडर भरून आणा, सध्या जो डबा वापरताय तो उघडलेला असला तरी सोबत ठेवा, आणि आदल्या दिवशी बॅरल साफ करून आणू नका, साफ केलेली बॅरल परत बसायला बरेच शॉट खाते आणि तेवढा वेळ आणि पेलेट तुमचेच जातात. पेलेट शिशाचे असतात, बरोबर लहान पोरं असली तर वर्कशॉपमध्ये डबा उघडून खायला बसू नका, नळ बाहेर आहे, हात धुऊन मग खुशाल खा.